दोन्ही कानांना मशीन घेतलं, चार महिन्यांचा अनुभव (थोडं मोठं लिहिलंय, घ्यायच्या आधी वाचाच)

मी सातवीला शिकवते, वर्गात बावन्न मुलं. गेल्या वर्षीपासून असं व्हायला लागलं की "बाई" अशी हाक यायची, ऐकूही यायची, पण कुठल्या बाकावरून आली तेच कळायचं नाही आणि मी भलत्याच मुलीकडे बघून "हं, बोल" म्हणायचे. ती बिचारी गोंधळून उभी राहायची. टेस्ट केली तर उजव्या कानाला २५ आणि डाव्याला ४० डेसिबल इतकं कमी ऐकू येतं असं निघालं, म्हणजे अगदी फार काही नाही.

पहिल्या दुकानात म्हणाले उजवा चांगलाय, डाव्यालाच एक घ्या, पैसे वाचतील. घेतलं. आवाज मोठा झाला पण दिशा पार बिघडली, सगळं जग डावीकडेच बोलतंय असं वाटायचं, आणि एकदा रस्ता ओलांडताना रिक्षा उजवीकडून आली, हॉर्न ऐकला मी, पण बघितलं डावीकडे. त्या दिवशी घरी येऊन हात थरथरत होते. दुकानवाल्यांनी मशीन परत घेतलं नाही.

मग दुसऱ्या क्लिनिकमध्ये ज्या ऑडिऑलॉजिस्ट (ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या) मॅडम भेटल्या त्यांनी आधी मला बसवून नीट समजावलं, आणि माझे अर्धे मार्क तर त्यांनाच. आवाज उजवीकडून आला की उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्यात जरा नंतर, आणि हा फरक जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद, एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, तरी मेंदू तो पकडतो! हे जाड्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजांचं. बारीक आवाजांना, म्हणजे किल्ल्या, शिट्टी, बोलण्यातले स-श, त्यांना आपलं डोकंच मधे आडवं येतं, पलीकडच्या कानाला ते कमी जोराने पोचतात, कधी कधी २० डेसिबलपर्यंत फरक पडतो. लॉर्ड रेले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ सालीच हे मांडलंय म्हणे. आता डिजिटल मशीनला आवाजावर काम करायला स्वतःचेच काही मिलिसेकंद लागतात, आणि माझं पहिलं मशीन कान पूर्ण बंद करणारं होतं, म्हणजे डाव्या कानाला सगळंच उशिरा आणि वर मोठ्याने. मेंदू हिशोब कसा लावणार?

मग जोडी घेतली, कानामागे बसणारी, आणि कानाच्या आत जायला भोकं असलेला सिलिकॉनचा डोम, म्हणजे छोटीशी टोपी. भोकांमुळे जाडे आवाज थेट आपले आपण आत जातात, मशीन फक्त बारीक आवाज वाढवतं. जोडीला ७२ हजार गेले, जड गेले, खोटं कशाला सांगू. पहिले पंधरा दिवस स्वतःची चप्पल, वहीची पानं, नळ, सगळं टोचायचं. एकदा परत जाऊन डावा थोडा कमी करून आणला, तेव्हा कुठे दोन्ही बाजू जुळल्या.

घरी आम्ही एक टेस्ट केली, तुम्हीपण करा. मी डोळे मिटून खुर्चीत बसले आणि लेकीने अनवाणी फिरत किल्ल्यांचा जुडगा वाजवला, मी बोट दाखवायचं. बारा वेळा वाजवला. जुनं एकच मशीन घालून पाच बरोबर, जोडी घालून दहा. चुकलेले दोन्ही पुढे-मागेचे होते, ती मागे होती आणि मी पुढे बोट केलं. मॅडम म्हणाल्या की पुढचं-मागचं कळायला कानाच्या पाळीच्या वळ्या लागतात आणि माझे माईक पाळीच्या मागे बसलेत, म्हणून शंका आली की मान जराशी वळवायची, लगेच कळतं. खरंच कळतं.

तक्रार एकच, स्कूटीवर वाऱ्याचा घरघराट इतका की मी आता सावकाश चालवते आणि आरशावर जास्त भरवसा ठेवते. चार्जिंग दिवसभर पुरतं.

दुकानात "ऐकू येतंय का?" एवढंच विचारतात, तेवढ्यावर पैसे देऊ नका, कुणाला तरी बाजूने, मागून हाक मारायला लावा आणि मग ठरवा. दुसरा कान "बरा" असला तरी दोन्ही घालून बघाच.

परवा फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, पाठीमागे डावीकडे पेनाचं टोपण पडलं, मी न वळताच म्हटलं "तिसऱ्या बाकावर, उचल ते." वर्ग एकदम गप्प.