हानले: दोन रात्री राहणार असाल तरच जा

लेहच्या टूरवाल्यांच्या लेखी लडाखमधलं हानले गाव म्हणजे उमलिंग ला या उंच खिंडीच्या आधीचा मुक्काम. संध्याकाळी पोचा, जेवा, झोपा आणि पहाटे 5,798 मीटरवरच्या पाटीसमोर फोटो काढायला पळा. आमच्याही गळ्यात तेच मारत होते. मी उमलिंग ला रद्द करून तारे बघायला हानलेतच दुसरी रात्र मागितली. पैसे तेवढेच लागले, पण ड्रायव्हरदादांचा चेहरा पार वाटेतल्या न्योमा गावापर्यंत पडलेला होता.

दुसरी रात्र हवीच. गाव साधारण 4,300 मीटरवर आहे, त्यामुळे पहिल्या रात्री डोकं ठणकत असतं. त्यात ढगांचा एखादा पट्टा आला की संपलंच. आमच्या वाट्याला दोन्ही आलं.

दुसऱ्या रात्री मात्र वसूल! इथला डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला भाग, 2022च्या डिसेंबरात जाहीर झाला. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने गावातल्याच लोकांना शिकवून दुर्बिणी दिल्यात, आणि पर्यटकांना आकाश तेच दाखवतात. आम्हाला दाखवणारी मुलगी विशीतली. लाल टॉर्च, कानटोपी, हातमोज्यांची बोटं कापलेली. ॲप वगैरे काही नाही, डॉबसोनियन दुर्बीण हाताने ढकलत तिने धनू राशीतला लगून तेजोमेघ झटक्यात पकडला. मग शौरीतला तारकागुच्छ. देवयानी दीर्घिका तर ‘पहले ऐसे ही देखो’ म्हणत आधी नुसत्या डोळ्यांनी बघायला लावली. दिसली, आणि अंधुक गोष्टींसाठी नजर जरा बाजूला ठेवून तिरकं बघावं लागतं, तशी गरजही पडली नाही.

सप्टेंबरअखेर होती. अभिजित आणि श्रवण या ताऱ्यांच्या मधून आकाशगंगेतला काळा पट्टा इतका ठसठशीत दिसत होता की तो धुळीचा आहे हे कुणाला समजावून सांगायला नको. उलट धनिष्ठेच्या ताऱ्यांची ती इवलीशी शंकरपाळी, जी एरवी मी सहज दाखवते, ती त्या गर्दीत शोधावी लागली.

तेवढ्यात पर्यटकांची एक गाडी हाय बीम टाकून थेट आमच्यावर. ती मुलगी दोन्ही हात वर करून रस्त्याकडे धावली. गाडीतल्यांना काय चुकलं तेही कळलं नाही. डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. गावातली घरं खिडक्यांना जाड पडदे लावून हा अंधार जपतात, तेव्हा गाड्यांना वाटेतल्या लोमा चेकपोस्टवरच दम भरायला काय हरकत आहे? या एका गोष्टीसाठी अर्धा तारा कापते.

दिवसा टेकडीवरची वेधशाळा आहे. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण (हा चंद्र म्हणजे शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर) बेंगळुरूजवळच्या होसकोट्याहून उपग्रहाद्वारे चालवतात. पायथ्याची 21 मीटर व्यासाची मेस (MACE) ही गॅमा किरणांची दुर्बीण लांबूनही डोळ्यांत भरते. सतराव्या शतकातला मठ बघाच, पण चढ हळू चढा. दोन पायऱ्यांवर दम लागतो आणि वर बसलेले आजोबा हसतात. मला मात्र खालच्या दलदलीच्या कुरणांचं वेड लागलं. क्यांगांचा, म्हणजे इथल्या रानगाढवांचा, कळप गाडीशी शर्यत लावल्यासारखा समांतर पळतो आणि एकदम रस्ता ओलांडतो. काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडीही दिसली. नवरा अजून म्हणतो ते बगळे होते. नव्हते.

होमस्टे साधा आहे. खोली स्वच्छ, रजया वजनदार, थुक्पा गरम आणि आग्रहाने वाढलेला. संडास लडाखी पद्धतीचा, म्हणजे कोरडा आणि घराबाहेर. पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. गरम पाणी मागितलं की मिळतं, पण याकच्या शेणावर तापवलेलं असतं, तेव्हा बेताने मागा.

तारीख अमावस्येच्या आसपासची धरा, आधी लेहमध्ये नीट विरळ हवेची सवय करून घ्या आणि परमिटवर हानलेचं नाव आहे ना, ते निघण्यापूर्वी स्वतः वाचा. जम्मू-काश्मीर आणि लडाखबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. गुडघेदुखीवाल्यांना संडासाची कल्पना आधी द्या.