होम थिएटरच्या रिसिव्हरला वेगळा पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) जोडला, काही महिने वापरल्यावर काय वाटतं

आधीच सांगतो, आवाज दुप्पट होईल या आशेने घेत असाल तर राहू द्या. 100 वॅटचे 200 वॅट केले तर हातात पडतात फक्त 3 डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर.

मग घेतला कशाला? माझे फ्रंट स्पीकर 4 ओहमचे, म्हणजे ॲम्पकडून जास्त करंट ओढणारे, आणि रिसिव्हरच्या खोक्यावरचे वॅट बहुतेक वेळा असतात 8 ओहमवर, तेही दोनच चॅनल (एका स्पीकरला एक चॅनल) चालू ठेवून मोजलेले. सगळे चॅनल एकदम ओढायला लागले की आकडा बराच खाली येतो. पिक्चरमध्ये मारामारी सुरू झाली की आवाज कर्कश व्हायचा आणि तासाभरात रिसिव्हरची वरची जाळी अशी तापायची की हात ठेववत नसे. आता फ्रंट दोन्ही ॲम्पवर, सेंटर आणि सराउंड रिसिव्हरवरच, आणि तो नुसता कोमट असतो. मोठ्या सीनमध्ये स्पीकर ओरडत नाहीत, व्हॉल्यूम कमी करायला रिमोट शोधावा लागत नाही, हा खरा फायदा. रात्री हळू आवाजात मात्र काडीचा फरक नाही, ज्यांना ऐकू येतो त्यांना नमस्कार.

जोडणी सोपी आहे, रिसिव्हरला प्री-आऊट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी सॉकेट) असले पाहिजेत एवढंच, तिथून आरसीए केबल ॲम्पला. 12 व्होल्टचा ट्रिगर दोन्हीकडे असेल तर ॲम्प आपोआप चालू-बंद होतो. पण माइक लावून कॅलिब्रेशन (सगळ्या स्पीकरचा आवाज जुळवून घेणं) परत कराच, ॲम्पचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो ते, रिसिव्हरच्या आतल्या ॲम्पइतकाच असेल असं नाही, माझे फ्रंट सेंटरपेक्षा चढे झाले होते आणि डायलॉग दबत होते.

डोकेदुखी एकच झाली, फ्रंटमधून सतत घूंऽऽ असा आवाज. एकेक वायर काढत गेलो, आरसीए बदलली, ॲम्प दुसऱ्या सॉकेटला लावला, काही नाही, शेवटी टीव्हीची केबल (ती गोल अँटेनावाली) उपटली आणि एकदम शांत! ग्राउंड लूप होता, म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंग जोडलं गेलं की येते ती घरघर. त्या केबलवर एक छोटा आयसोलेटर बसवला, विषय संपला. यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढा असं सांगणारे भेटतात, अजिबात ऐकू नका, शॉक बसेल.

ॲम्प क्लास डी प्रकारचा (कमी वीज वाया घालवणारा) घेतला कारण कपाटात जागा कमी आणि तो फारसा तापत नाही, वजनालाही हलका. ट्वीटरला (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग) कान लावला तर बारीक सूंऽ येतं, बसायच्या जागेवरून नाही.

खोली छोटी आणि स्पीकर 8 ओहमचे, 90 डेसिबलच्या आसपास सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे कमी वॅटमध्येही मोठा आवाज देणारे) असतील तर तेच पैसे सबवूफरला घाला. मी सेंटरसाठी तिसरा चॅनल घेईन म्हणतोय, पण घरात अजून बोललो नाही.