कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन: कॅसेटवर खेळलेल्यांनी घ्यावं का?

कॉन्ट्रा या धावत-गोळ्या झाडत खेळायच्या जुन्या गेम-मालिकेचं हे कलेक्शन सुरू केल्यावर आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंची पहिली तक्रार ठरलेली असते: गेम पळतोय. पहिल्या जंगलात पायाखाली फुटत जाणारा पूल पूर्वी सहज पार व्हायचा, आता दुसऱ्याच फळीला माणूस पाण्यात पडतो. यात वयाचा दोष कमी आणि टीव्हीचा जास्त आहे. नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात आलेले मीडिया, लिटल मास्टर वगैरे सेट निंटेंडोच्या फॅमिकॉम या जपानी कन्सोलची नक्कल होते, आणि पाल पद्धतीच्या, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीसाठी बनलेला सेट सेकंदाला ५० चित्रं काढायचा. कॉन्ट्रा मात्र ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेला आहे. धावणं, उडी, शत्रूच्या गोळ्या, संगीतसुद्धा, सगळं त्या मोजणीला बांधलेलं. म्हणजे आपल्या बोटांत बसलेला कॉन्ट्रा मूळ गेमपेक्षा सहाव्या हिश्शाने संथ होता. इथे तो मूळ वेगाने चालतो आणि सवयीच्या हाताला पाचव्या हिश्शाने जलद लागतो. दोन-तीन संध्याकाळी हात सैल होऊ द्या, मग मत बनवा.

कोनामीने २०१९ साली, कंपनीच्या पन्नाशीच्या निमित्ताने, स्विच, पीएस४, एक्सबॉक्स वन आणि स्टीमवर हे काढलं. किंमत तेव्हा १९.९९ डॉलर होती. डिजिटल दुकानांत सूट अधूनमधून लागते, थांबायला हरकत नाही. यादीत दहा गेम आहेत, पण हा आकडा जरा फुगवलेला आहे. प्रोबोटेक्टर आणि सुपर प्रोबोटेक्टर हे युरोपात माणसांच्या जागी रोबो घालून विकलेले तेच गेम. घरच्या कन्सोलचा पहिला कॉन्ट्राही दोनदा मोजलाय, एकदा अमेरिकी आणि एकदा जपानी. खरे वेगळे गेम सात.

त्या सातांपैकी बहुतेकांना हवा असतो एकच, १९८८ चा आठ-बिट कॉन्ट्रा. तेव्हा त्याचंच सविस्तर पाहू.

अमेरिकी की जपानी? पहिल्यांदा जपानीच लावा. फॅमिकॉमच्या त्या कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची व्हीआरसी२ चिप होती, अमेरिकी कॅसेटमध्ये साधा बोर्ड. त्यामुळे जपानी आवृत्तीत जंगलातली झाडं हलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये बर्फ पडतो, स्टेजच्या मध्ये नकाशा येतो आणि सुरुवातीला कथेची चित्रं दिसतात. मजकूर जपानी आहे, पण या गेममध्ये वाचून अडावं असं काही नाही.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी नीट करा. टीव्ही गेम मोडवर टाका. चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही काही चित्रं मागे राहतो, आणि इथे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंदच मिळतात. बटण दाबल्यावर उडी उशिरा बसली की दोष गेमवर जातो. दुसरं, चित्राचा आकार ४:३ ठेवा. पूर्ण रुंदीत ताणलं की बिल आणि लान्स हे दोन्ही नायक बुटके, जाडजूड दिसतात. तिसरं, खेळायचं तर डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या एकसंध बटणावर. कॉन्ट्रात तिरकी गोळी हा निम्मा खेळ आहे, आणि अ‍ॅनालॉग काठीवर तिरकं धरताना अंगठा जरा ढळला की माणूस सरळ खड्ड्याकडे चालू लागतो. स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर तर डी-पॅडच नाही, चार सुटी बटणं आहेत. टीव्हीवर खेळणार असाल तर वेगळा पॅड घ्या.

आता तीस लाइफ देणारा तो कोड. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि स्टार्ट. दोघांसाठी स्टार्टच्या आधी सिलेक्ट. शीर्षकाच्या पडद्यावर, गडबड न करता द्यायचा. आजच्या पॅडवर गोंधळ होतो तो अक्षरांचा, कारण एक्सबॉक्सच्या पॅडवर ए आणि बी उलट बाजूंना आहेत. म्हणून अक्षर विसरा, काम लक्षात ठेवा: बी म्हणजे गोळी, ए म्हणजे उडी. आधी गोळीचं बटण, मग उडीचं. तीस लाइफ मिळाल्या तर कोड लागला. पुढच्या भागात, सुपर सी मध्ये, हा चालत नाही. तिथे उजवं, डावं, खाली, वर, ए, बी, स्टार्ट, आणि लाइफ दहाच.

बंदुकीबद्दल बोलायचं तर प्रत्येकीला एक अक्षर आहे; सगळे एसच्या मागे असतात, आणि बरोबर असतात. पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरतात, तिरका नेम चुकला तरी काहीतरी लागतं. पण पडद्यावर एका वेळी किती गोळ्या असाव्यात याला गेमची मर्यादा आहे. लांबून नुसतं बडवत राहिलात तर आधीच्या गोळ्या पडद्याबाहेर जाईपर्यंत नव्या निघत नाहीत. बॉसच्या, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या, जवळ जाऊन मारा. गोळ्या लगेच लागून संपतात आणि बंदूक मोकळी होते. एम वाईट नाही, बटण दाबून ठेवलं की चालत राहते. एल ही टर्बोवाल्यांची, म्हणजे बटण आपोआप दाबत राहणारा पॅड वापरणाऱ्यांची, जुनी फसगत आहे. लेझर निघाल्यावर पुन्हा बटण दाबलं की आधीचा झोत रद्द होऊन नवा सुरू होतो, म्हणून टर्बोवर तो बंदुकीच्या तोंडाशीच थरथरतो आणि कुणाला लागत नाही. एल हातात असताना एकदा दाबा आणि थांबा. एफ गरगरत जातो. समोरून आला तर उडी मारून टाळा, कारण हातातला एस जाईल. मेलात की बंदूक जाते, ही या गेमची खरी शिक्षा. लाइफ एकच जाते, पण साध्या रायफलवर तोच बॉस दुप्पट जड होतो.

दुसऱ्या आणि चौथ्या स्टेजला, म्हणजे बेसमध्ये, कॅमेरा पाठीमागे जातो. समोरचा गाभा फुटेपर्यंत जमिनीवर विजेचं कुंपण असतं आणि 'वर' दाबलं की माणूस पुढे जाऊन झटका खातो. तिथे 'वर'ला हात लावू नका. गोळ्या आल्या की झोपा, बहुतेक डोक्यावरून जातात.

तिसरी स्टेज, धबधबा, जोडीने खेळणाऱ्यांची मैत्री तोडणारी. पडदा वरच्या खेळाडूबरोबर चढतो आणि खालच्या कडेबाहेर राहिलेला मरतो. उड्या एक-दोन फळ्यांच्या अंतरानेच मारा आणि पुढच्याने दगड पडू देऊन थांबावं. ऑनलाइन जोडी या कलेक्शनमध्ये नाही, त्यामुळे भांडण समोरासमोरच होणार.

आपल्याकडच्या ९९९९९-इन-१ कॅसेटमध्ये तोच कॉन्ट्रा यादीत पुन्हापुन्हा यायचा, कधी पुढच्या स्टेजपासून सुरू होणारा. ती सोय इथे सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणीचा खेळ जपून ठेवणं, करतं, पण प्रत्येक गेमला जागा एकच. बॉसच्या दारात एस हातात असताना सेव्ह करा. रायफल घेऊन घाईने सेव्ह केलंत तर जुनं पुसलं जातं.

बाकीचे गेम. आर्केडचे दोन इतिहास म्हणून ठीक. मूळ यंत्राचा पडदा उभा होता, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि गेम नाणी गिळायला बनवलाय हे प्रत्येक मिनिटाला जाणवतं. ऑपरेशन सी हा गेम बॉयचा, छोटा आणि नेटका. कॉन्ट्रा थ्री मात्र १९९२ चा आहे असं वाटत नाही. त्यात दोन बंदुका बाळगता येतात आणि मरताना हातात असलेलीच जाते. मरण अटळ दिसलं की बंदूक बदला, चांगली वाचवा. शेवटचा खरा बॉस 'हार्ड' या अवघड पातळीवरच दिसतो. १९९४ चा हार्ड कोअर चार पात्रांचा, वाटा फुटणारा आणि निर्दयी. खाली आणि उडी एकत्र दाबून घसरलं की त्या क्षणी काही लागत नाही, हे कळेपर्यंत तो अशक्यच वाटतो. अमेरिकी आवृत्तीत एका फटक्यात लाइफ जाते, जपानीत तीन फटके सोसतात. बाकीच्या गेमच्या जपानी आवृत्त्या नंतरच्या मोफत अपडेटमध्ये आल्या, तेव्हा अपडेट टाकून तीच घ्या.

सोबत मालिकेच्या इतिहासाचं डिजिटल पुस्तक आहे. ते चाळण्यासारखं आहे, पण शेवटी कंपनीचंच. त्या काळातल्या खेळाडूला हा गेम कसा विकला, शिकवला गेला, हे मासिकांत दिसतं. निंटेंडो पॉवरचा पहिला अंक जुलै-ऑगस्ट १९८८ चा. तीस लाइफांचा कोड त्यातल्याच 'क्लासिफाइड इन्फर्मेशन' सदरात छापला होता. आपल्याकडे हे मासिक नव्हतं, कोड तोंडोतोंडीच आला, म्हणून कुणी शेवटी ए-बी सांगायचं तर कुणी बी-ए. निंटेंडोच्या तक्रारीवरून २०१६ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवरून या मासिकाचा संग्रह काढला गेला. इतर मासिकांसाठी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनचं डिजिटल ग्रंथालय पाहा. जानेवारी २०२५ मध्ये खुलं झालं, फुकट आहे आणि दीड हजारांहून जास्त अंकांत शब्द शोधता येतो. शोधताना नाव रोमन लिपीत टाका आणि साल लक्षात ठेवा: इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली नियमित निघू लागलं १९८९ मध्ये, त्यामुळे पहिल्या कॉन्ट्राच्या ताज्या परीक्षणासाठी तिथे वेळ घालवू नका, १९९२ चे अंक काढून कॉन्ट्रा थ्री वाचा. रंगीत चित्रावर छापलेला मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही. शोधात काही सापडलं नाही तरी त्या महिन्याच्या आसपासचे दोन-तीन अंक हाताने उलटा. अंकावरचा महिना बाजारात येण्याच्या पुढचा असे, म्हणून मागचा अंकही बघा.

फक्त पहिला कॉन्ट्रा हवा असेल आणि पुढचे कधीच उघडणार नसाल, तर पूर्ण किमतीला घेऊ नका. घरात दोन पॅड आणि एक भांडखोर जोडीदार असेल तर सूट नसतानाही घ्या.