युरिक अ‍ॅसिड: सुया की गोळी?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या काकांचं रक्तातलं युरिक अ‍ॅसिड (शरीरात तयार होणारा टाकाऊ पदार्थ) ८.४ मिग्रॅ/डेसिलिटर आलं. वर्षभरात पायाचा अंगठा दोनदा असा सुजला, की चादरीचा स्पर्शही सोसवेना. हाच गाऊटचा झटका. आता विचारतात, अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेऊ की अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी घेऊ?

मुख्य प्रश्न आकडा उतरण्याचा. साधारण ६.८ च्या वर गेलं की युरिक अ‍ॅसिड रक्तात नीट विरघळून राहत नाही, सांध्यात स्फटिक बसू लागतात. अ‍ॅलोप्युरिनॉल युरिक अ‍ॅसिड तयार करणारं एन्झाइमच रोखतं. डोस हळूहळू वाढवत आकडा ६ च्या खाली ठेवला, तर जुने स्फटिकही विरघळतात. सुयांनी दुखणं हलकं होऊ शकतं, पण आकडा उतरतो याचा भक्कम पुरावा नाही. माझ्या लेखी बराचसा निकाल इथेच लागतो.

खर्च? गोळी स्वस्त, पण रोजची, बहुतेकांना वर्षानुवर्षं. सुयांचे पैसे दर खेपेला, वर घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सुजलेल्या पायाने जाणं.

गोळीने पहिले काही महिने झटके वाढू शकतात, म्हणून डॉक्टर सोबत दुसरं औषध देतात. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा. क्वचित ते जिवावर बेततं. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या हव्यात.

काकांसारखे झटके येत असतील तर गोळी. सुया हव्यातच तर जोडीला, गोळी न सोडता. नुसता आकडा वाढलाय, त्रास काही नाही, अशांना बहुधा दोन्ही लागत नाहीत: बिअर बंद, पाणी भरपूर, वजन आटोक्यात.