रफू, धावदोरा, विणकाम की भरतकाम? फाटके कपडे घेऊन एकत्र बसायचं तर सुरुवात कशाने करावी

तुमच्या सोसायटीत, बचत गटात किंवा मोहल्ल्याच्या समाजभवनात महिन्यातून एकदा फाटके कपडे घेऊन एकत्र बसायचं घाटत असेल, तर पहिला प्रश्न येतो तो सुरुवात कोणत्या कामाने करायची हा. कुणाला रफू शिकायचं असतं, कुणाला भरतकाम, कुणी मोबाइलवर साशिको हे जपानी शिवणकाम पाहिलेलं असतं. आम्ही इथे नागपुरात, प्रतापनगरातल्या एका हॉलमध्ये, हे सगळं थोडं थोडं करून पाहिलंय. माझं मत आधीच सांगते. सुरुवात धावदोऱ्याने करा, तोही जाड दोऱ्याचा, लांबून दिसेल असा. कारण कोणता टाका सुंदर दिसतो यापेक्षा कोणत्या टाक्यामुळे जास्त माणसं सतरंजीवर टिकतात, हे बघायला हवं.

पण त्याआधी कपडा उजेडाकडे धरून बघा. उसवणं, विरणं आणि फाटणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. उसवलं असेल तर टीप घातली की झालं. विरलेलं कापड, म्हणजे कुर्त्याचा खांदा किंवा जीन्सची मांडी, उजेडात जाळीसारखं दिसतं. तिथे भोक पडायच्या आधीच हात लावला तर काम सगळ्यात जास्त टिकतं. फाटलेल्यातही खिळ्याला खोच लागून गेलेली सरळ चीर वेगळी आणि कापडच नाहीसं झालेलं भोक वेगळं.

रफू

रफूत त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढतात आणि मूळ विणीत एकेक उभा-आडवा धागा घालत जातात. चांगलं रफू नजरेला दिसत नाही, हाताला लागत नाही. पैठणीला, शालूला, लोकरी कोटाला तेच हवं. मात्र पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते दोन तासांत जमत नाही, आणि फसलेलं रफू फसलेलंच दिसतं. मोतीबिंदू झालेले, हात थरथरणारे, लहान मुलं असे सगळे यातून न सांगता बाहेर पडतात. शिवाय ज्याचं पोट या कामावर आहे, त्या रफूवाल्याकडेच भारी कपडा जाऊ द्यावा, असं मला मनापासून वाटतं. ओळखीच्या चांगल्या रफूवाल्याचं नाव-पत्ता तेवढं हॉलमध्ये लिहून लावा.

धावदोरा आणि ठिगळ

यात सुई वरून खाली जाते आणि खालून वर येते, इतकंच. विरलेल्या जागेखाली जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवायचा, चारी बाजूंनी दोन बोटं मोठा. तो कच्च्या टाक्यांनी अडकवायचा आणि वरून समांतर ओळी घालत जायच्या. जपानातलं साशिको हेच: निळीत रंगवलेलं कापड, वर पांढरा सुती दोरा. त्यांच्या उत्तरेच्या आओमोरी भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे, म्हणून चिंधी चिंधी जपून थरावर थर शिवले गेले. बंगालच्या कांथ्यात दोरा जुन्या साडीच्या काठातून काढत. आणि आपल्याकडे तर गोधडी आहेच. विदर्भात कापूस पिकतो, तरी इथेही आजीचं विरलेलं लुगडं कुणी फेकलं नाही. इतकं मऊ कापड नवं मिळत नाही. त्यामुळे हॉलमध्ये येणाऱ्या बऱ्याच बायकांच्या हातात हा टाका आधीपासून असतो. जीन्सच्या गुडघ्यावर तो कधी घातलेला नसतो, एवढंच.

पहिल्याच बैठकीला एक आजी आल्या, नजर अधू झालेल्या. म्हणाल्या, "सुई ओवून देजो, बाकीचं मी पाहतो." नातवाच्या पँटवर त्यांनी बोटांनी चाचपत अकरा ओळी घातल्या. काही तिरप्या गेल्या, पण ठिगळ घट्ट बसलं. रफूच्या टेबलावर आम्ही त्यांना काय काम दिलं असतं?

या टाक्यात माणसाप्रमाणे बदल करता येतात, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. कमी दिसत असेल तर गडद कापडावर पांढरा किंवा पिवळा दोरा द्या. सहा पदरी लडीचे सगळे पदर एकत्र घेतले की तो बोटांनाही कळतो. सुईच्या नेढ्याला वरून खाच असलेली सुई मिळते, तिच्यात दोरा नुसता दाबून बसवता येतो. ठिगळ चौकडीच्या लुंगीचं घेऊन कपड्यावर वरून लावलं तर चौकडीच्या रेघा वाट दाखवतात. आखून द्यावं लागत नाही. एकच हात चालत असेल तर भरतकामाची रिंग क्लॅम्पने टेबलाच्या कडेला आवळून द्या. डावखुऱ्या माणसाला शेजारी बसवून शिकवू नका, समोर बसवा, म्हणजे त्याला आरशात पाहिल्यासारखं तसंच करता येतं. लहान मुलांना आधी मॅटीच्या, म्हणजे मोकळ्या विणीच्या भरतकामाच्या कापडावर बोथट सुईने बसू द्या.

याचे तोटेही आहेत. दोरा ओढून घेतला की कापडाला चुण्या पडतात, म्हणून ओळ संपली की किंचित ढील सोडायची. कोरं कापड न धुता ठिगळ म्हणून लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि भोवतीचं कापड ओढतं. मलमलीवर जाड दोरा घातला तर मलमलच फाटते. टी-शर्ट ताणला जातो आणि सरळ धावदोरा तुटतो, त्यामुळे पहिल्या दिवशी टी-शर्ट घेऊच नका.

विणून भरणं

स्वेटर आमच्याकडे जेमतेम दोन महिने वापरात असतात, पण उरलेले दहा महिने पेटीत कसर आपलं काम करत असते. त्या भोकांना ठिगळ शोभत नाही. भोकाखाली वाटी पालथी धरायची, उभे धागे ताणून घ्यायचे आणि आडवा धागा एक सोडून एक विणत जायचा. रंग मुद्दाम वेगळा घेतला तर छोटी चौकट उमटते, फार देखणी दिसते. हे काम धावदोऱ्यापेक्षा सावकाश होतं. रुपयाएवढ्या भोकाला मला तासभर लागतो. पण १८७७ साली एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झालेल्या, कोष्टी विणकरांच्या वस्त्या असलेल्या या गावात उभ्या-आडव्या धाग्याचं गणित उपजत कळणारी माणसं अजून आहेत. तुमच्या वस्तीत अशी कुणी मावशी किंवा काका असतील तर त्यांनाच शिकवायला बोलवा. हे दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला घ्या.

भरतकाम हळदीच्या डागावर आणि टाचणीएवढ्या भोकांवर छान. विरलेल्या कापडावर दाट भरलं तर भोवतीचं कापड आणखी फाटतं. शिलाई मशीन झटपट काम करते, पण एकजण चालवतो आणि बाकीचे बघत बसतात.

बसायचं कसं, कधी

टाक्याइतकाच हाही निर्णय आहे. सतरंजीवर गोलात बसलं की गप्पा होतात, पण गुडघे दुखणारे आणि व्हीलचेअरवरचे लोक गोलाबाहेर राहतात. नुसती टेबलं लावली तर शाळेचा वर्ग वाटतो. आम्ही आता दोन्ही ठेवतो, आणि टेबलाची एक बाजू खुर्ची न लावता मोकळी. २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये सुरू झालेल्या रिपेअर कॅफेत जाणकार आणि वस्तूचा मालक शेजारी बसून दुरुस्ती करतात. तसं एखादं टेबल ज्यांना हाताने करणं शक्यच नाही त्यांच्यासाठी ठेवा. आपला कपडा दुसऱ्याकडून शिवून घेताना तिथे बसून बोलणं, रंग निवडणं, हाही सहभागच आहे.

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बसायचं तर कूलर लागतो, आणि कूलरची घरघर श्रवणयंत्रात भरून राहते. आमच्या एका ताईंना त्यात काहीच ऐकू येत नव्हतं, आणि आम्हाला ते तीन बैठकांनंतर कळलं. तेव्हापासून उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ, कूलर बंद. हिवाळ्यात दुपारी गच्चीवर. शिकवणाऱ्याने सुईकडे बघत बोलू नये; आधी तोंड समोर करून सांगावं, मग करून दाखवावं. सुया सुरुवातीला मोजून द्या, उठताना मोजून घ्या.

दिसू द्यायचं की नाही

इथे मी सुरुवातीला चुकले. दिसणारं ठिगळ म्हणजे अभिमान, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. बैठकीला घरकाम आटोपून येणाऱ्या एक मोलकरीण ताई गप्प बसून होत्या. नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, शाळेत ठिगळाच्या फ्रॉकवरून पोरं हसायची, आता माझ्या पोरीच्या ड्रेसवर ते दिसायला नको. ज्याने निवडून लावलं त्याचं ठिगळ आणि ज्याला दुसरा कपडाच नव्हता त्याचं ठिगळ, ही दोन सारखी नाहीत. गाडगे महाराजांच्या अंगावरच्या चिंध्यांपुढे आख्खा वऱ्हाड हात जोडतो, पण त्या चिंध्या त्यांनी स्वतः पत्करल्या होत्या. कुणाच्या लेकीवर त्या लादता येत नाहीत.

म्हणून धावदोऱ्याने सुरुवात करा म्हणताना एक सोय सोबत ठेवा. ठिगळ आतून, दोरा कपड्याच्याच रंगाचा, टाके बारीक. टाका तोच, फक्त तो दिसत नाही. त्या ताईंच्या मुलीचा निळा ड्रेस आम्ही असाच केला. आता आम्ही दारावर तीनच ओळी लिहितो: कपडा धुऊन आणा. सुई-दोरा इथे आहे. शिवलेलं दिसायला हवं की नको, ते तुम्ही सांगा.