मॅट की सॅटिन: गाडीची चकाकी उतरवायची, पण कितपत?

गाडी पुन्हा रंगवताना चकाकी कमी करायचं मनात पक्कं झालं, की खरा घोळ पुढेच असतो. पार मॅटपर्यंत, म्हणजे जवळजवळ बिनचकाकीपर्यंत जायचं की अलीकडे सॅटिनच्या मंद चमकेवर थांबायचं? बेस कोट (रंगाचा थर), क्लिअर कोट (त्यावरचा पारदर्शक थर), हार्डनर (तो थर कडक करणारं रसायन) वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. माझी आधीची गाडी मॅट होती, आताची सॅटिन आहे. त्यामुळे पारडं कुठे झुकतंय ते काही लपणार नाही. पण मॅटची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही.

पत्र्याची वळणं मॅटवर जशी उठून दिसतात तशी दुसऱ्या कशावरच दिसत नाहीत. प्रतिबिंब नसल्यामुळे नजर थेट आकारावर जाते. शिवाय दारावर किंचित लाट राहिली असेल, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) घासताना हात कमीजास्त पडला असेल, तर मॅट ते बऱ्यापैकी पोटात घालतं. सँडपेपरचे ओरखडे मात्र घालत नाही. प्रायमर नीट बारीक घासलेलाच हवा. सॅटिन या बाबतीत थोडं चहाडखोर आहे. उन्हात तिरकं पाहिलं की पत्र्याची लाट ते दाखवतं.

रंगाच्या खोलीत मात्र सॅटिन सरस. मॅटचा पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून काळा रंग त्याखाली जरा राखाडी वाटतो आणि गडद निळा, गडद हिरवा फिकटल्यासारखे दिसतात. सॅटिनखाली काळा काळाच राहतो. पांढऱ्या, करड्या, चंदेरी रंगांत हा फरक फारसा जाणवत नाही. तुमचा रंग फिकट असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

चकाकी मोजायची प्रमाण रीत ६० अंशांच्या कोनातून आहे. गुळगुळीत काळ्या काचेच्या प्रमाण तुकड्याला १०० धरतात. नेहमीचा तुकतुकीत क्लिअर ८५-९० च्या पुढे जातो, सॅटिन ढोबळमानाने ३०-४० च्या घरात आणि मॅट २० च्या खाली. कंपनीगणिक हे आकडे हलतात, तेव्हा डब्यावरच्या नावावर विसंबू नका. कामाची गोष्ट वेगळीच आहे: १० च्या खालच्या पृष्ठभागांसाठी ८५ अंशांचा, म्हणजे जवळजवळ आडवा कोन वापरतात, कारण समोरून मेलेला दिसणारा मॅटही आडव्या नजरेला चमकतो. नमुन्यासाठी रंगवलेला पत्रा हातात धरून समोरून पाहू नका. तो बॉनेटवर आडवा ठेवा, खाली वाका आणि उजेडाकडे तोंड करून पाहा. रोज गाडीजवळ जाताना बॉनेट आणि टप तुम्हाला याच कोनातून दिसणार आहेत.

माझा निर्णय मात्र यातल्या कशावरही झाला नाही. तो झाला दाराच्या मुठीशेजारी पडलेल्या चकचकीत डागावर.

मॅट क्लिअरमध्ये बहुतेक वेळा सिलिकाची अतिबारीक पूड असते. रंग वाळताना थर आकसतो आणि या कणांमुळे वरचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो. प्रकाश विखुरतो तो या खडबडीतपणामुळे. म्हणजे ‘मॅट’ असा काही वेगळा रंग नसतो, तो पृष्ठभागाचा पोत असतो, आणि पोत घासला की झिजतो. मुठीमागे बोटं टेकतात, डिकी बंद करताना रोज त्याच जागी तळवा पडतो, इंधनाच्या झाकणाला बाही लागते, अरुंद जागेतून उतरताना कंबर मागच्या दाराला घासते. हळूहळू तिथले उंचवटे सपाट होतात आणि बाकी सगळी गाडी शांत असताना नेमक्या त्या जागा तेलकट चमकू लागतात. गाडी धुऊन पुसली की डाग आणखीच ठळक, कारण आजूबाजूची धूळ गेलेली असते.

हा डाग आणि बोटांचा तेलकट ठसा यांत गल्लत होते. ठसा सौम्य साबणाच्या पाण्याने, नाहीतर मॅटसाठीच्या क्लीनरने जातो. झिजेची चमक कशानेच जात नाही. पॉलिश लावलं तर वाढते, मेणाने पोत भरून येतो आणि डाग मोठा होतो. तुकतुकीत रंगावर आपण जे हमखास करतो, म्हणजे बारीक पेपर मारून बफिंग, ते इथे उलट काम करतं. उपाय एकच, तो पॅनल कडेपर्यंत घासून पुन्हा क्लिअर मारणं. मधेच जोड देता येत नाही. जोडाची रेघ दिसतेच. आणि नवं दार शेजारच्या जुन्या दाराशी तंतोतंत जुळेल याची खात्री कोणी देत नाही.

सॅटिन घासल्यावर चमकत नाही का? चमकतं. पण त्याची मुळातली चकाकीच जास्त असल्यामुळे झिजलेली जागा आणि आजूबाजूचा पत्रा यांतलं अंतर कमी राहतं. चकाकीची पातळी जितकी खालची, तितका छोटा फरक डोळ्याला टोचतो. माझ्या सॅटिनच्या मुठीजवळही ती जागा आहे, मला ती ठाऊक आहे म्हणून दिसते. मॅटच्या गाडीवरची तशी जागा मात्र शेजाऱ्यांनाही दिसायची, आणि ते सांगायचेही. कुणाला याचं काही वाटणार नाही, मला वाटलं.

रंग मारण्याच्या बाबतीत दोघांत फारसं डावंउजवं नाही, दोन्ही सारखेच हट्टी. मूळ अडचण अशी, की नंतर दुरुस्ती नाही. कचरा बसला, ओघळ आला, तर तो पॅनल पुन्हा. म्हणून सगळी मेहनत आधी. पूड तळाशी बसते, तेव्हा डबा तळापासून नीट ढवळा आणि मिश्रण स्प्रे गनच्या कपात ताटकळत ठेवू नका. सगळ्या गाडीचा माल एकाच वेळी एकत्र काढून ठेवा, हार्डनर मात्र लागेल तसा घाला. पहिला हात मारल्यावर तो आपणहून सगळीकडे सारखा मंद होईपर्यंत थांबायचं, मगच दुसरा. ओलसर असतानाच दुसरा हात दिला तर थिनर अडकतो आणि ढगाळ पट्टे उमटतात. तुकतुकीत क्लिअरला निम्मा पट्टा झाकत गेलं तरी चालतं. इथे मी पाऊणपर्यंत झाकतो, आणि गन पॅनलच्या मधोमध कधीच थांबवत नाही. थराची जाडी, थिनरचा वेग, हवेची गरमी या सगळ्यांनी चकाकी हलते. म्हणूनच ‘अजून एक हात देऊन सारखं करू’ हा मोह टाळा, त्याने जागा वेगळीच दिसते.

नमुन्याचा पत्रा त्याच गनने, त्याच दिवशी, त्याच बेस कोटवर मारा. काही कंपन्यांचे मॅट आणि सेमीग्लॉस (अर्धचकाकीचे) क्लिअर एकमेकांत मिसळून मधली पातळी काढता येते, पीपीजी या रंगकंपनीचे डी८११५ आणि डी८११७ ही त्यातली परिचित जोडी. मला हवं होतं ते सॅटिन अशाच मिश्रणातून मिळालं, थोडं मॅटकडे झुकलेलं. आणि एक गोष्ट कंटाळा न करता सांगतो: हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासावाटे अपाय करणारं रसायन असतं. कोळशाच्या साध्या मास्कवर भागवू नका, बाहेरून हवा पुरवणारा मास्क घ्या. ती सोय नसेल तर हे काम पेंट बूथवाल्याकडे द्या.

रंगाऐवजी वरून चिकटवायच्या फिल्मचं काय, असं कुणीतरी विचारणारच. खालचा रंग धड असेल आणि दोन-चार वर्षांत मन बदलण्याची शक्यता असेल, तर सॅटिन फिल्म हा शहाणा पर्याय आहे; मुठीजवळचा तुकडा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण कडांना मळ धरतो, बंपरच्या खोल वळणांवर ती ताणली जाऊन उठते, आणि खालचा रंग आधीच सुटत असेल तर काढताना सोबत घेऊन येते. माझा रंग तसाही गेलेला होता, म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला.

मॅट असो वा सॅटिन, देखभाल एकच: गाडी धुण्याचं ब्रशवालं यंत्र नको, मेण नको, पक्ष्यांची घाण दिसताक्षणी भिजवून उचलायची, घासायची नाही. कारखान्यातूनच मॅट येणाऱ्या गाड्यांना, म्हणजे मर्सिडीजच्या मॅग्नो किंवा बीएमडब्ल्यूच्या फ्रोझन रंगांनाही, हाच नियम.

गाडी क्वचित बाहेर निघणार असेल, चालवणारे तुम्ही एकटेच असाल आणि रंग फिकट असेल, तर मॅट घ्या, मी अडवणार नाही. रोजची, घरातल्या चौघांनी वापरायची, सामान चढवायची-उतरवायची गाडी असेल तर मी सॅटिन सुचवेन. काहीही ठरलं तरी मिश्रणाचं प्रमाण, थिनर कोणता आणि हात किती दिले, हे नमुन्याच्या पत्र्यामागे लिहून तो पत्रा जपून ठेवा. पुढेमागे एखादं दार पुन्हा मारायची वेळ आली, तर पेंटर पहिलं तेच मागेल.