सौर मायक्रोग्रिड घेताय? शेवटचा हप्ता देण्याआधी पेटी उघडायला लावा

वनकुसवड्याच्या पठाराखाली, पाटण तालुक्यात आमची वाडी. डोक्यावर पवनचक्क्या फिरतात, पण पावसाळ्यात झाड पडून लाइन तुटली की खाली अंधार. म्हणून वर्गणी काढून १० केव्हीएचं सौर मायक्रोग्रिड, म्हणजे वाडीपुरती स्वतःची छोटी वीजव्यवस्था, बसवलं. पॅनेल चांगली, बॅटरीही चांगली. लुबाडलं ते कोणी उघडून बघत नाही त्या स्विचच्या पेटीत.

पाऊस लागला आणि कुणाच्याही गोठ्यात शॉर्ट झालं की अख्खी वाडी बंद पडायला लागली. डेअरीचा फ्रीजही त्यातच. ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं, "ताई, लोड जास्त होतोय, मोठा इन्व्हर्टर घ्या."

लोडचा काही संबंध नव्हता. शॉर्ट झालं तरी इन्व्हर्टर त्याच्या क्षमतेच्या दीड-दोन पटीपलीकडे करंट देत नाही. आमचा फार तर ६५ ते ८५ अँपिअर. आणि यानं घरोघरी ठोकल्या होत्या ३२ अँपिअरच्या 'सी' प्रकारच्या एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडून वीज तोडणारे स्विच), ज्यांना झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. सरकारी लाइनवर त्या पडल्या असत्या. इथं त्या ढिम्म राहायच्या आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. कोटेशनमध्ये १० अँपिअरच्या 'बी' एमसीबी लिहिल्या होत्या, ज्या ५० अँपिअरच्या आत पडतात. पैसेही त्यांचेच घेतले होते.

कराडहून आलेल्या इंजिनियरनं पेटी उघडली. पॅनेलकडच्या एमसीबीवर 'डीसी' असा स्टिकर होता. नखानं खरवडला तर खाली एसीचा छाप! एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. पॅनेलमधून येणारा डीसी करंट शून्यावर येत नाही, म्हणून ठिणगी पेटतीच राहते. आतलं प्लॅस्टिक काळं पडून वितळलं होतं. शेजारी पत्र्याखाली मुलं अभ्यासाला बसतात, या विचारानं मला अजून झोप लागत नाही. सर्ज प्रोटेक्टरची (वीज पडल्यावर येणारा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) हिरवी वायर बोर्डामागे मोकळीच लोंबत होती. अर्थिंगच्या झाकणाखाली सळईच नव्हती.

ताबा देताना ठेकेदारानं आरसीसीबीचं (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून दाखवलं होतं. बायाबापड्यांनो, त्याला भुलू नका. अर्थिंग नसलं तरी त्या बटणानं आरसीसीबी पडतेच. अर्थिंग मोजणारा अर्थ टेस्टर लावून आकडा कागदावर घ्या.

'बी' एमसीबी बसवल्यापासून ज्याच्याकडे बिघाड, त्याचंच घर बंद होतं. ठेकेदारावर ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तो माणूस सध्या ढेबेवाडी खोऱ्यात कोटेशनं वाटतोय. तिकडच्यांनी प्रत्येक एमसीबीचा प्रकार आणि अँपिअर करारात लिहून घ्यावेत, आणि एका घराची लाइन पडल्यावर बाकीची वाडी चालू राहते हे आपल्या इंजिनियरसमोर त्यालाच करून दाखवायला लावावं.